साठ व्हिडिओ बघूनही ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) अडले, नेटवर अभ्यास करायचा कसा?

प्रश्न (सर्जरी रेसिडेंट, दुसरं वर्ष)
ड्यूटी संपली की रोज रात्री लॅप कोलेचे (दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या ऑपरेशनचे) एक-दोन व्हिडिओ बघते. आतापर्यंत साठेक झाले असतील. काल ओटीत कॅमेरा माझ्याकडे होता. सरांनी क्लिप अप्लायर (नळी बंद करायची क्लिप लावणारं उपकरण) आत घेतला, थांबले आणि विचारलं, "लावू?" मी लगेच "हो सर" म्हणाले. "मागची बाजू बघितलीस?" पित्ताशयाची मागची बाजू मी बघितलीच नव्हती. रात्रभर तेच डोक्यात होतं. मग त्या साठ व्हिडिओंतून मी शिकले काय?

उत्तर १
पबमेडवर (वैद्यकीय शोधनिबंधांच्या साइटवर) मेशचे (तिथले ठरलेले विषयशब्द) शब्द वापरून शोध, सिस्टिमॅटिक रिव्ह्यूचा (अनेक अभ्यासांच्या एकत्रित आढाव्याचा) फिल्टर लाव. व्हिडिओपेक्षा ते भरवशाचं.

उत्तर २ (सर्जन)
मेशचं खरं आहे, पण हिची अडचण वाचनाची नाही, बघण्याची आहे.

अगं, व्हिडिओ आठ मिनिटांचा, ऑपरेशन तासाभराचं. मधलं काय कापतात? कॅलोज ट्रँगल (पित्ताशयाजवळचा, डक्ट-आर्टरी जिथे असतात तो त्रिकोण) मोकळा करण्याचं चिकाटीचं काम. आपल्या वाट्याला येते ती आयती स्वच्छ डक्ट (पित्ताशयाची नळी) आणि आर्टरी (त्याची रक्तवाहिनी), आणि डोळ्याला तेवढ्याचीच सवय लागते.

सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये मांडलेल्या क्रिटिकल व्ह्यू ऑफ सेफ्टीच्या (क्लिप लावण्याआधी दिसायलाच हवं त्या दृश्याच्या) तीन अटी तुला पाठ असणारच: ट्रँगलमधली चरबी आणि फायब्रस टिश्यू पूर्ण निघालेली, पित्ताशयाचा खालचा एक तृतीयांश भाग लिव्हरवरून सुटलेला, आणि पित्ताशयात दोनच रचना जाताना दिसणाऱ्या. आता व्हिडिओत क्लिप अप्लायर दिसला की पॉज कर. आवाज आधीपासून बंद ठेव, नाहीतर बोलणाऱ्याचं मत तुझं होतं. कागदावर डक्ट, आर्टरी, रुव्हियर सल्कस (लिव्हरवरची खूणेची खाच) काढ. तिन्ही अटींपुढे हो किंवा नाही लिही. एक जरी 'नाही' असेल, तर तू पुढे काय केलं असतंस तेही लिही. मगच प्ले.

रेसिडेंट असताना एका गाजलेल्या व्हिडिओला मी तीनदा 'हो' दिलं होतं. आमच्या मॅडमनी तो माझ्यासमोर मागे-पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "मागची बाजू दाखव." संपूर्ण व्हिडिओत ती कुठेच नव्हती. हजारोंनी पाहिलेला व्हिडिओ, पण पाहणं म्हणजे तपासणं नव्हे. म्हणून तो कागद सरांना दाखवच. स्क्रीन तुला उलटा प्रश्न विचारत नाही, सर विचारतात.

शक्य तितके न कापलेले व्हिडिओ शोध. कंटाळवाणे असतात, पण हात कुठे अडतो ते त्यातच दिसतं.

उत्तर ३ (रेडिओलॉजी)
आमच्याकडेही हेच. रेडिओपीडिया (एक्स-रे, स्कॅनच्या केसेसची साइट) २००५ पासून आहे, केसेसचा खजिना, पण शीर्षकातच निदान वाचलं की डोळे शोधायचे थांबतात. मी क्विझ मोडमध्येच (निदान लपवून) बघतो, रिपोर्ट आधी स्वतः लिहितो.

प्रश्नकर्ती
मॅडम, आज तीन व्हिडिओ असे बघितले. पाऊण तास गेला. दोनांत मागची बाजू नाही. तिसऱ्यात मी जिला डक्ट म्हटलं ती आर्टरी निघाली. तिन्ही कागद उद्या राऊंडनंतर सरांना दाखवते.