ब्लॉकवाली कंपनी कॉलेजात येऊ पाहतेय, अटी काय घालाव्यात?

मटेरियलवाल्या मॅडम:
नाशिकच्या एका आर्किटेक्चर कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी बांधकाम साहित्य शिकवते. एएसी ब्लॉक, म्हणजे राखेच्या मिश्रणात बुडबुडे फुगवून वाफेच्या भट्टीत घट्ट केलेले हलके ब्लॉक, बनवणारी एक कंपनी करार करायला तयार आहे. नमुन्यांची खोली सजवून देणार, वर्षाला दोन व्याख्यानं, कारखान्याची भेट, सुट्टीत चार मुलांना काम. प्राचार्य खूश आहेत. मी बिचकतेय.

मागच्या वर्षी दुसऱ्याच एका कंपनीचं व्याख्यान झालं. टोप्या वाटल्या, पिशव्या वाटल्या, समोसे झाले. सत्र परीक्षेत मी विचारलं, एएसीच्या भिंतीवर प्लास्टरला तडे का जातात? निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं, 'चांगल्या कंपनीचा ब्लॉक वापरला नाही म्हणून.' टोप्या मुलांना मिळाल्या, पण टोपी घातली गेली ती मला.

ब्लॉकशी माझं भांडण नाही. ६०० बाय २०० बाय १५० मिमीचा कोरडा ब्लॉक साधारण ११ किलो भरतो, तेवढ्याच जागेतलं वीटकाम ३० किलोच्या पुढे जातं. म्हणजे खालच्या बीम-कॉलमवरचा भार कमी. पण एका मालाने भरलेली खोली म्हणजे दुकान. आणि आमच्या गावात काय नाही? एकलहऱ्याच्या वीज केंद्राची राख आहे, वीटभट्ट्या आहेत, काळाराम मंदिराचा काळा दगड आहे, जुन्या नाशकात चुन्यात बांधलेले वाडे आहेत. करारात नेमकं काय लिहून घेऊ?

पंचवटीचा ठेकेदार:
मॅडम, तुमच्या पेपरचं उत्तर आधी देतो. गवंडी विटेच्या सवयीने ब्लॉक टाकीत बुडवतो. विटेला ते चालतं, ब्लॉकला वरून नुसता पाण्याचा हात फिरवायचा असतो. भिजलेला ब्लॉक पुढे सुकताना आकसतो आणि प्लास्टरला सोबत घेऊन फाटतो. त्यात प्लास्टरमध्ये सिमेंट जास्त पडलं की झालंच. कॉलम आणि ब्लॉकच्या सांध्यावर जाळी मारली नाही तर तिथे ओळंब्याने काढल्यासारखी उभी रेघ.

माझी अट लिहून घ्या: एक चांगला गवंडी दोन दिवस वर्गावर, त्याची मजुरी कंपनीने द्यायची. मुलांनी दोन भिंती बांधायच्या, एक बुडवलेल्या ब्लॉकची, एक नियमाने. एप्रिलच्या उन्हात बांधा, लवकर कळेल. आणि थापी मुलांच्या हातात द्या, मोबाइल नको.

सातपूरचा टेक्निकलवाला:
मी ब्लॉकच्या नाही, पण अशाच एका मटेरियल कंपनीत आहे, म्हणून आतली गोष्ट सांगतो. व्याख्यानाचा खर्च मार्केटिंगच्या खात्यातून येतो, त्यामुळे समोर विक्रीचा माणूस उभा राहतो. करारात स्पष्ट लिहा की बोलायला प्रत्यक्ष तक्रारीच्या साइटवर जाणारा माणूस येईल आणि गेल्या वर्षातल्या तीन तक्रारी फोटोंसह दाखवील. साइटचं नाव झाका म्हणावं, हरकत नाही.

दुसरं, रिजेक्ट माल मागा. कोपरे उडालेले, नीट न फुगलेले, चिरलेले ब्लॉक. कंपनीला तसेही टाकायचेच असतात, पण ब्लॉक फुगवणारी अॅल्युमिनियमची पूड आणि वाफेची भट्टी काय काम करते ते चांगल्या ब्लॉकपेक्षा बिघडलेल्या ब्लॉकमध्ये जास्त नीट दिसतं. राख कुठून येते, एका गाडीची राख दुसऱ्या गाडीसारखी नसली तर काय करता, हेही मुलांना विचारू द्या. त्या प्रश्नाला आमचे लोक खरंच खुलतात.

२०१९ची बॅच:
मॅडम, आमच्या वेळी (तुमचं कॉलेज नाही) अशीच खोली होती. टाइल्स, लॅमिनेट, काचेचं कपाट, त्याला कुलूप. पाच वर्षांत मी एकही नमुना हातात घेतला नाही. कुलूप नको. प्रत्येक वस्तूवर वजन, दर आणि कुठून आणली ते लिहा. भट्टीची वीट, राखेची वीट, ब्लॉक एकाच फळीवर ठेवा. शेजारी पाण्याचं टब आणि काटा. कोरडं वजन घ्या, २४ तास बुडवा, पुन्हा घ्या. साध्या विटेने वजनाच्या २० टक्क्यांवर पाणी प्यायला नको, हा नियम मी पाठ केला होता. खरंच किती पिते ते नोकरीला लागल्यावर पाहिलं.

आणि सुट्टीतल्या कामाला पैसे देणार का, ते विचारा. हा प्रश्न कॉलेजं विसरतात.

मटेरियलवाल्या मॅडम:
सगळ्यांचे आभार. गवंडी, तक्रारीचे फोटो, रिजेक्ट माल, फळीवर बाकीचं साहित्यही, आणि मुलांना मानधन, असा एक पानाचा मसुदा दिला. प्राचार्य म्हणाले, एवढं मागितलं तर ते येणारच नाहीत. आले. टब आणि काटा आम्हीच आणतोय.

कंपनीची उलट मागणी एकच: बुडवलेल्या ब्लॉकच्या भिंतीचा फोटो कॉलेजने बाहेर कुठे टाकायचा नाही. मी म्हटलं, बाहेर नाही, पण वर्गात भिंतीवर लावणार, खाली गवंड्याचं म्हणणं लिहून. त्यावर अजून उत्तर आलेलं नाही.