प्रतिसाद: ‘रोमिओ अँड ज्युलिएट’मधली यमके

‘यमकांमुळे रोमिओ-ज्युलिएटचं प्रेम कृत्रिम वाटतं’ हे मत मला पटत नाही. यमक कुठे येतं आणि कुठे गळून पडतं, हे बघायला हवं.

नाटकाच्या सुरुवातीला, ज्युलिएट भेटण्याआधी, रोझालिन नावाच्या मुलीसाठी झुरणारा रोमिओ शिशाचं पीस, थंड आग, आजारी आरोग्य असल्या विरोधाभासांची माळ लावतो. तिथे कृत्रिमता आहेच, आणि ती शेक्सपिअरने मुद्दाम ठेवली आहे. हा मुलगा प्रेमापेक्षा प्रेमकवितेच्या प्रेमात आहे.

पण मेजवानीतली रोमिओ-ज्युलिएटची पहिली भेट पाहा. तो यात्रेकरू, ती संतमूर्ती, तळहाताला तळहात म्हणजे चुंबन. दोघांचे संवाद मिळून १४ ओळींचं अख्खं सुनीत (सॉनेट, ठरावीक यमकांची कविता) होतं! आधी तो चार ओळी म्हणतो, मग ती चार. शेवटच्या जोडओळीत एक तिची, एक त्याची, आणि लगेच चुंबन. त्याने टाकलेली प्रतिमा ती झेलते, वळवते आणि त्यालाच अडवते. इतकी बरोबरी दुसऱ्या कुठल्या पहिल्या भेटीत आहे? पुढे दुसरं सुनीत सुरू होतं न होतं तोच ज्युलिएटची दाई तिच्या आईचा निरोप घेऊन येते आणि ते चार ओळींवरच तुटतं. ही तूट मला फार लागते.

बाल्कनीच्या प्रवेशात तर बहुतेक ठिकाणी यमकच नाही. तो चंद्राची शपथ घ्यायला जातो, ती म्हणते, दर महिन्याला बदलणाऱ्याची नको. आपल्या प्रेमाला ती विजेची उपमा देते: ‘चमकली’ म्हणेपर्यंत विझणारी. नाटकातली सगळ्यात अचूक उपमा ज्युलिएटची आहे, रोमिओची नव्हे.