जिताड्याची पिल्लं गोड्या पाण्यात नेताना थायरॉक्सिन द्यावं का?

तळेवाला:
नमस्कार मंडळी. जिताड्याची इंचभराची पिल्लं ३० पीपीटीच्या (लिटरमागे साधारण ३० ग्रॅम मीठ) पाण्यातून गोड्या पाण्यात आणायची होती, एका दिवसातच सगळं पाणी बदललं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर बरीचशी काळपट पडलेली, कोपऱ्यात वर वर तरंगतायत, खाद्य टाकलं तर ढुंकूनही बघेनात. संध्याकाळपर्यंत निम्मी गेली, फार जीव तुटला. एकाने सांगितलं पाण्यात थायरॉक्सिन (थायरॉईड ग्रंथीचं हॉर्मोन) टाका, पिल्लं लवकर तयार होतात आणि कुठलंही पाणी सोसतात. खरंय का? डोस किती?

कल्ले_आणि_मीठ:
थायरॉक्सिन आधी बाजूला ठेवा. माशाच्या रक्ताचा खारटपणा साधारण १० ते १२ पीपीटीच्या पाण्याइतका असतो. ३० च्या पाण्यात अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, म्हणून मासा सारखं पाणी पितो आणि कल्ल्यांतल्या खास पेशी जास्तीचं मीठ बाहेर फेकतात. गोड्या पाण्यात सगळं उलटं होतं, पाणी आत घुसतं आणि मीठ निसटतं, मग कल्ल्यांना मीठ आत ओढायला लागावं लागतं आणि हा पालट व्हायला दोन-तीन दिवस तरी द्यायला हवेत, तुम्ही एकच दिला. आणि गोड्या पाण्याकडे जाताना मिठाची गळती रोखायचं मुख्य काम प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन करतं, समुद्राकडे जाताना कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन. थायरॉईडचा हातभार असतो, सॅमनची पिल्लं समुद्रात उतरायच्या आधी त्यांच्या रक्तात थायरॉक्सिन वाढतंच, पण तो हातभार किती हे जातीगणिक बदलतं. म्हणजे तुमच्या अडचणीला हे औषधच नाही.

अळी_ते_मासा:
वरच्यांशी सहमत, पण थायरॉईडला कमी लेखू नका. अळीचा मासा होतो तो याच हॉर्मोनमुळे. फ्लाउंडर या चपट्या माशाचा एक डोळा डोक्यावरून दुसऱ्या बाजूला सरकतो ना, थायोयुरिया देऊन थायरॉईड बंद पाडलं तर तो सरकतच नाही, अळी नुसती मोठी होत राहते. अंड्यातल्या बलकातही आईकडून आलेलं हे हॉर्मोन असतं, पिल्लाची स्वतःची ग्रंथी चालू होईपर्यंत तेच पुरतं. पण वरून जास्त दिलं तर रूपांतर वेळेआधी उरकतं, मासा लहानच राहतो, कणा वाकडा होतो, मरतातही. आणि तुमची इंचभराची पिल्लं तर रूपांतर कधीच उरकून बसलीत, त्यांना आता कशाला.

तळेवाला:
समजलं, हॉर्मोनचा नाद सोडला. एक सांगायचं राहिलं, गोडं पाणी म्हणून मी साठवलेलं पावसाचं पाणी वापरलं होतं.

कल्ले_आणि_मीठ:
अहो मग तेच! पावसाच्या पाण्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, आणि कॅल्शियम कमी असलं की कल्ल्यांतून मीठ भराभर गळतं. पुढच्या वेळी हार्डनेस (पाण्यातलं कॅल्शियम वगैरे) तपासून पाणी घ्या. मी दिवसाला ५ पीपीटीच उतरवतो आणि १० वर आलो की दोन-तीन दिवस थांबतो, तिथे आतबाहेर जवळजवळ सारखं असल्यामुळे पिल्लांची दमछाक होत नाही, तेवढ्यात खायला लागतात. खायला लागल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) रोज डिस्टिल्ड पाण्याचा थेंब टाकून शून्यावर आणा, माझा एकदा ३ ने चुकत होता आणि मला पत्ताच नव्हता.