‘मोवेझ ग्रेन’ (१९३४): मोटारचोर पोरांच्या या कहाणीला विनोदी म्हणावे का?

मूळ धागा :
नाझी सत्तेवर आल्यावर बर्लिन सोडून पॅरिसला आलेल्या आणि पुढे हॉलिवूडमध्ये नावाजलेल्या बिली वाइल्डर यांचा दिग्दर्शक म्हणून हा पहिला, फ्रेंच चित्रपट. अलेक्झांडर एस्वे सहदिग्दर्शक होते. डॉक्टर वडिलांनी मोटार विकून टाकल्याने बिथरलेला ऐतखाऊ आंरी दुसऱ्याची मोटार पळवतो आणि पुढे मोटारचोरांच्या टोळीतच सामील होतो. माझ्या मते यातला विनोद संवादांपेक्षा वेगात आहे. पैशांची चणचण असल्याने स्टुडिओऐवजी पॅरिसच्या खऱ्या रस्त्यांवर, धावत्या गाडीवर कॅमेरा बसवून चित्रण झाले, आणि त्यामुळेच इथली चोरी गुन्ह्यापेक्षा तारुण्याची मस्ती वाटते. नेकटाय दिसला की ज्याला हात आवरत नाही, तो टोळीतला जाँ तर मला निखळ विनोदी पात्र वाटतो.

प्रतिसाद १ :
वेगाबद्दल आपण म्हणता ते मान्य, परंतु त्याच जाँचे पुढे काय होते, हे आपण सांगितलेच नाही. पोलिसांच्या धाडीत गोळी लागते ती त्याला. आंरी त्याला वडिलांकडे घेऊन जातो खरा, पण तोवर उशीर झालेला असतो. ज्याच्या पाठीशी डॉक्टर बाप आहे, तो जाँच्या बहिणीला, जानेतला, घेऊन बोटीने परदेशी निघून जातो, आणि ज्याला बहीण आणि टोळी यांवाचून कोणी नाही, तो जिवानिशी जातो. इतका वेळ ज्याच्या चोऱ्यांवर आपल्याला हसवले, त्यालाच सगळी किंमत मोजायला लावणे मला अन्यायाचे वाटते. दानिएल दारिय हिने ऐन सोळा-सतराव्या वर्षी जानेत इतकी जिवंत केली आहे, की भावाच्या मरणानंतर तिला घाईघाईने बोटीवर चढवणे अधिकच खटकते.

धागाकर्ता :
अन्याय आहे, हे मी नाकारत नाही. मात्र तो अचानक येत नाही. टोळीचा म्होरक्या डोईजड झालेल्या आंरीला मुद्दाम बिघडवलेली मोटार देऊन दूर मार्सेय बंदराला धाडतो, तेव्हाच ही मस्ती जिवावर बेतणार, हे कळून चुकते.

प्रतिसाद १ :
म्होरक्याचा डाव आंरीवर होता आणि त्यातून तो सहीसलामत सुटला, यानेच माझा आक्षेप पक्का होतो. जानेतला भावाचा शोक करायला एक पुरता प्रसंग दिला असता, तर या शेवटाबद्दल माझी तक्रार उरली नसती.