शिक्षिकेचा बसलेला आवाज आणि मुलाचे बोबडे बोल: वाचोपचाराने खरोखर फरक पडतो का?

प्रश्न (प्राथमिक शिक्षिका, सातारा जिल्हा)

नमस्कार. मी गेली १४ वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. सध्या दोन इयत्ता एकाच खोलीत बसतात, छत पत्र्याचे आहे, आणि पाऊस सुरू झाला की शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवण्यासाठी अक्षरशः ओरडावे लागते. जुलैपासून माझा आवाज बसलेला आहे. सकाळी परिपाठाला तो त्यातल्या त्यात बरा असतो, मधल्या सुट्टीनंतर घोगरा होत जातो आणि संध्याकाळी घरी बोलताना मध्येच तुटतो. ज्येष्ठमध, खडीसाखर, हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या हे सर्व करून झाले. शेवटी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा दोन्ही स्वरतंतूंवर समोरासमोर लहान गाठी दिसल्या. शस्त्रक्रियेची घाई न करता आधी व्हॉइस थेरपी घ्यावी, असे त्यांनी सुचवले आहे. परंतु नुसत्या व्यायामाने गाठ जाते यावर घरात कोणाचा विश्वास बसत नाही, आणि खरे सांगायचे तर माझाही पूर्ण बसलेला नाही.

याच निमित्ताने मुलाविषयीही विचारते. तो पाच वर्षांचा आहे. ‘कावळा’ला ‘तावळा’ आणि ‘गाय’ला ‘दाय’ म्हणतो. बाकी गोष्टी छान रचून सांगतो. सासूबाई वेखंड उगाळून चाटवायला सांगतात, शेजारी म्हणतात की जिभेखालचा पडदा कापून घ्या, आणि यजमानांच्या मते आपोआप सुधारेल. वाट पाहावी की तज्ज्ञांकडे न्यावे?

उत्तर १ (वाचोपचारतज्ज्ञ, पुणे)

ताई, नमस्कार. आपल्या डॉक्टरांचा सल्ला योग्य आहे, आणि तो योग्य का हे समजले तर विश्वासही बसेल.

बोलताना स्त्रियांचे स्वरतंतू सेकंदाला साधारण २०० वेळा एकमेकांना भिडतात. पुरुषांचे १०० ते १२५ वेळा. आपण ओरडतो तेव्हा ते केवळ भिडत नाहीत, जोराने आदळतात, आणि हा आघात तंतूंच्या एका ठरावीक जागी, म्हणजे पुढचा एक तृतीयांश भाग जिथे संपतो तिथे, सर्वांत जास्त बसतो. म्हणून गाठी समोरासमोर दिसतात. कुदळ चालवून तळहाताला घट्टे पडावेत, तसाच हा प्रकार आहे. घट्टा कापून काढला आणि दुसऱ्या दिवशी त्याच पद्धतीने कुदळ हाती घेतली, तर तो पुन्हा येणारच. थेरपीत आम्ही कुदळ धरण्याची पद्धत बदलतो, म्हणून अशा गाठींवर पहिला उपचार तोच असतो. बहुतेकांच्या गाठी त्याने लहान होतात, पुष्कळांच्या नाहीशा होतात. काही उरल्या तरी आवाज कामाला पुरेसा सुधारतो. पुरेशी थेरपी करूनही अडचण राहिली, तर मग शस्त्रक्रियेचा विचार करता येतो.

गुळण्यांनी घशाला बरे वाटते, पण गुळणीचे पाणी स्वरयंत्रापर्यंत पोहोचतच नाही. पोहोचले असते तर आपल्याला ठसका लागला असता. पिण्याचे पाणीसुद्धा अन्ननलिकेतून जाते; तरीही दिवसभर थोडे थोडे पाणी पीत राहावे, कारण शरीरात पाणी पुरेसे असले की स्वरतंतूंवरचा ओलावा टिकतो. दोन सवयी मात्र आजच सोडा. एक म्हणजे सारखे खाकरणे, कारण त्यात तंतू जोराने एकमेकांवर घासले जातात; खाकरावेसे वाटले की एक घोट पाणी घेऊन गिळा. दुसरी म्हणजे आवाज वाचवण्यासाठी कुजबुजणे. अनेकांच्या बाबतीत जोर लावून केलेल्या कुजबुजीने घशावरचा ताण कमी न होता वाढतो, हे आमच्याकडे येणाऱ्या शिक्षकांना सहसा माहीत नसते.

प्रत्यक्ष थेरपीत श्वासाचा आधार, मानेचे आणि जबड्याचे स्नायू सैल सोडणे, ओठ मिटून गुंजन करणे आणि अरुंद नळीतून, म्हणजे साध्या स्ट्रॉमधून, ‘ऊ’ असा स्वर काढणे हे असते. तोंडाचा मार्ग अरुंद झाला की हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि तंतू न आदळता हलकेच जुळतात. तीच जुळणी पुढे शब्दांत, वाक्यांत आणि अखेरीस कवितेच्या तासाला आणायची असते. साधारण सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून एकदा भेट. परंतु खरे काम घरी, दिवसातून चार-पाच वेळा, प्रत्येकी पाच मिनिटांचे. जे हे करत नाहीत, त्यांना माझ्याकडे येऊनही उपयोग होत नाही, असे मला स्पष्ट सांगावेसे वाटते.

आता मुलाविषयी. प्रथम त्याची श्रवण तपासणी करून घ्या. सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे साचलेल्या पाण्यामुळे ऐकू थोडे कमी येत असेल, तर बोलणे अस्पष्ट राहू शकते. त्यानंतर उच्चारांचे मूल्यमापन. आपण शिक्षिका आहात, म्हणून वर्णमालेचाच दाखला देते: ती कंठापासून ओठांकडे येते, आणि ‘क’ वर्ग कंठ्य आहे. ‘क’ आणि ‘ग’ म्हणताना जिभेचा मागचा भाग मऊ टाळूला टेकतो. आपला मुलगा त्याऐवजी जिभेचे टोक दातांमागे टेकवतो, म्हणून ‘त’ आणि ‘द’ येतात. ज्या मुलाची जीभ ‘त’पर्यंत व्यवस्थित पोहोचते, त्याच्या जिभेखालचा पडदा कापून ‘क’ येणार नाही, कारण ‘क’मध्ये टोकाला कामच नाही. वेखंडानेही जीभ कुठे टेकवायची हे त्याला कळणार नाही. ते चाटवू नये. चार वर्षांपर्यंत बहुतेक मुलांचे हे उच्चार बसतात, त्यामुळे पाचव्या वर्षी आणखी वाट पाहू नये.

उत्तर २ (निवृत्त मुख्याध्यापक)

ताई, वीस वर्षांपूर्वी मी याच अवस्थेतून गेलो आहे. त्या वेळी कोणाच्या तरी सांगण्यावरून मी पंधरा दिवस पूर्ण मौन पाळले. आवाज सुंदर परत आला आणि शाळा सुरू झाल्यावर आठवडाभरात पुन्हा गेला. माझ्या एका सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया करून घेतली, पण शिकवण्याची रीत तीच ठेवली. वर्षाच्या आत त्यांच्या गाठी परत आल्या. मला शेवटी थेरपीनेच गुण आला, मात्र तिच्याबरोबर वर्गही बदलावा लागला. मुलांना गप्प करण्यासाठी मी आवाज वापरणे थांबवले. टाळीचा ठेका दिला की मुलांनी तो परत द्यायचा आणि मग शांतता, एवढा नियम पुरला. पाढे आणि कविता म्हणवून घेण्याचे काम एकेका विद्यार्थ्याकडे दिले. आजकाल कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक मिळतो; तो माझ्या वेळी असता तर किती त्रास वाचला असता. पत्र्यावर पाऊस वाजत असताना शिकवूच नका. त्या वेळात शुद्धलेखन घ्यावे.

उत्तर ३ (एक पालक, कोल्हापूर)

आमची मुलगीही ‘क’ला ‘त’ म्हणत असे. पाहुण्यांसमोर तिच्या आजी तिला ‘नीट म्हण, कावळा म्हण’ असे पुन्हा पुन्हा म्हणायला लावत, आणि हळूहळू ती पाहुण्यांसमोर बोलेनाशीच झाली. ही गोष्ट आम्हांला उशिरा लक्षात आली, याचे वाईट वाटते. थेरपिस्ट बाईंनी आधी तिच्याकडून काहीच म्हणवून घेतले नाही. कार आणि तार, काप आणि ताप, गार आणि दार अशी चित्रे समोर ठेवून त्या शब्द उच्चारत आणि मुलीने योग्य चित्र उचलायचे असे. कानाला फरक कळल्यावर जिभेचे काम सुरू झाले. आजींना त्यांनी सांगितले की तिला टोकू नका. ती ‘तावळा आला’ म्हणाली की ‘हो गं, कावळा आला, काळा काळा कावळा’ असे सहज म्हणा. आजींना हे इतके जमले की घरचा निम्मा सराव त्यांनीच घेतला. सुमारे चार महिन्यांत बोलणे स्वच्छ झाले.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत आणि शाळेत येते, त्यांना दाखवा. त्यांच्यामार्फत जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार होतात तिथे, पाठवले जाते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. मुलाच्या श्रवण तपासणीसाठी सोमवारची वेळ घेतली आहे, आणि सासूबाईंना कोल्हापूरच्या ताईंचा अनुभव वाचून दाखवला. दोन शंका उरल्या आहेत. दर आठवड्याला पुण्याला येणे मला शक्य नाही. आणि थेरपी सुरू असताना शिकवणे चालू ठेवावे का?

उत्तर (वाचोपचारतज्ज्ञ, पुणे)

पहिल्या दोन-तीन भेटी समक्ष व्हाव्यात, कारण मानेचा ताण हाताने तपासावा लागतो; पुढच्या भेटी व्हिडिओवर घेता येतात. जवळ कोणी मिळाले तर उत्तमच, फक्त त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे विचारून घ्या. मुंबईकडे जाणे झाले तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था आणि नायर रुग्णालय येथेही ही सोय आहे.

शिकवणे थांबवू नका. ध्वनिवर्धक वापरा आणि प्रत्येक तासानंतर दहा मिनिटे बोलणे टाळा. तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी पुन्हा करून घ्या. जुन्या तपासणीचे चित्रण डॉक्टरांकडून आत्ताच मागून ठेवा, म्हणजे दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील आणि घरच्यांनाही दाखवता येतील.