शाळेतल्या माईकने कुणाकुणाला वेड लावलं?

माझी भाची सातवीत आहे, परिपाठाचं सूत्रसंचालन तिच्याकडे असतं आणि हल्ली घरी जेवायला वाढतानाही 'आता ऐकूया आजचा दिनविशेष' चालू असतं. परवा विचारत होती, रेडिओत जायला काय शिकावं लागतं. म्हणून हा धागा. शाळेत माईक हातात आला आणि मग तो सुटलाच नाही अशा लोकांनी लिहा. वक्तृत्व स्पर्धा नकोत प्लीज, ते वेगळं प्रकरण आहे.

*

आमची झेडपीची शाळा, सांगलीकडची. परिपाठात बातम्या माझ्याकडे असायच्या. गुरुजींचा एकच नियम होता, पेपरातलं वाक्य जसंच्या तसं वाचायचं नाही. पेपरात चार ओळींचं वाक्य असतं, ते वाचेपर्यंत शेवटच्या रांगेतली पोरं चिमटे काढायला लागतात, मग मी रोज सकाळी बसून त्याचे तुकडे करायचो आणि कर्ता आधी आणायचो. आहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर होता, माईक तोंडासमोर धरला की 'पंतप्रधान' म्हणताना फाटफाट आवाज यायचा, तर गुरुजींनी तो हनुवटीखाली जरा तिरका धरायला शिकवलं. घरी रेडिओवर रोज सातच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, तेव्हा कळलं की त्या देणाऱ्या सुधा नरवणेही हेच करतायत, वाचत नाहीयेत, सांगतायत!! पुढे आकाशवाणीची स्वरचाचणी दिली, नैमित्तिक निवेदक (कायम नोकरी नाही, लागेल तेव्हा बोलावतात) म्हणून बरीच वर्षं काम केलं. स्टुडिओत कागद एकत्र टाचायचे नाहीत, सुटे ठेवायचे आणि संपलेलं पान हळूच बाजूला सरकवायचं, कारण पान उलटल्याची खरखर थेट हवेत जाते. बाकी माईकपुढचं सगळं शाळेतलंच.

*

माझं कबड्डीमुळे. शाळेच्या ग्राउंडवर कॉमेंट्री करायचो. वडील बाळ ज. पंडितांच्या मराठी क्रिकेट कॉमेंट्रीचे भक्त, ते म्हणायचे, तू नुसता ओरडतोस, स्कोअर कोण सांगणार? रेडिओ आत्ता कानाला लावलेल्या माणसाला काहीच माहीत नसतं, त्यामुळे चढाई कुणाची, गुण किती, लोण चढला का (म्हणजे अख्खा संघ बाद झाला का), हे परत परत सांगावं लागतं. हल्लीचे बरेच कॉमेंटेटर हे विसरतात असं माझं स्पष्ट मत आहे, सगळे आपले टीव्हीसारखे बोलतात.

*

मला माईक नाही, काच आवडली. पुण्यात शाळेच्या मुलांसाठी टीव्हीचे कार्यक्रम बनवणारी सरकारी संस्था, बालचित्रवाणी, होती बघा (१९८४ ची, २०१७ ला बंद केली, असो), तिथे एका कार्यक्रमासाठी आमच्या शाळेतली मुलं नेली होती. कॅमेऱ्यासमोर मी ठोंब्यासारखी उभी, दर रीटेकला तेच. पण काचेपलीकडे एक बाई हेडफोन लावून बसल्या होत्या, त्यांनी बोट वर केलं की इकडे सगळं चालू आणि खाली केलं की शांत. तिथेच ठरलं. आज साऊंडवर आहे, माझा चेहरा कुठेही दिसत नाही आणि मजेत आहे.

*

मी शिक्षिका, नागपूर जिल्हा. २०२० मध्ये शाळा बंद होत्या तेव्हा आकाशवाणी नागपूरवर 'शाळेबाहेरची शाळा' हा मुलांच्या अभ्यासाचा कार्यक्रम सुरू झाला. स्मार्टफोन नसलेल्या घरांत रेडिओ तरी होता, नसला तर शेजारी होता. आमच्या वर्गात कधी हात वर न करणारा एक मुलगा तो कार्यक्रम ऐकून आईच्या फोनवर स्वतःच बातम्या रेकॉर्ड करायला लागला, बैल हरवला, पाऊस आला, अशा गावच्या. लाजरी मुलं रेडिओला का चिकटतात ते तेव्हा कळलं, समोर बघणारं कुणी नसतं ना.

*

न्यू जर्सीहून. इथे पिस्कॅटवे हायस्कूलचं स्वतःचं एफएम आहे, ९०.३ वर. मैत्रिणीचा मुलगा तिथलाच, दर तासाला स्टेशनची अक्षरं (म्हणजे त्याचं अधिकृत नाव) आणि गावाचं नाव म्हणावंच लागतं, तो इथला कायदा आहे, त्यामुळे पोरगं घड्याळाकडे डोळे लावून बसायला शिकलं. घरी मात्र अजून उशिराच उठतं.

*

सांगलीकर परत. धागाकर्तीसाठी: भाचीला इतक्यात कोर्सबिर्स नको. फोनवर रेकॉर्ड करून स्वतःचं ऐकायला लावा, आधी सगळेच दचकतात. मग 'चहा' आणि 'चमचा' मधले दोन च, न आणि ण, एवढं बघा. रोज एक बातमी आजीला सांगायची, कागद न बघता. आजीने परत विचारलं तर वाक्य लांब झालंय.