पहिली पोर्टेबल सॉ मिल: ताकद पाहायची, रुंदी की आणखी काही?

पोकोनोकर

पेनसिल्व्हेनियाच्या ईशान्य भागात ११ एकर जागा आहे. एमराल्ड ऍश बोरर या किड्याने ऍशची तीसेक झाडं मारली आहेत, त्याशिवाय वादळात पडलेले रेड ओक आणि थोडा व्हाइट पाइन आहे. ऍशचे ओंडके सरासरी १६ इंची, ओकचे २० इंचांपर्यंत. हे सगळं जाळायचं जिवावर येतं. शेडसाठी फळ्या आणि वासे हवेत, चांगल्या ऍशचं फर्निचर करायचं आहे. जवळ २५ हॉर्सपॉवरचा लोडरवाला ट्रॅक्टर आहे. बजेट एकूण ६,००० डॉलर.

बँडसॉ मिल (पट्ट्यासारखं पातं दोन चाकांवर फिरवणारी) घ्यायची हे जवळपास ठरलंय. अडलंय ते इथे: ९ हॉर्सपॉवर की १४? २२ इंची की २६? ट्रेलरवरची घ्यावी का? जुनी मिळाली तर काय तपासावं?

चिरकाम

मशीन बघण्याआधी लाकूड मोजा. ओंडक्यातून किती फळी निघेल याचा अंदाज देणाऱ्या डॉइल नियमाने इंचातल्या व्यासातून ४ वजा करायचे, उत्तराचा वर्ग करायचा, फुटातल्या लांबीने गुणून १६ ने भागायचं. १६ इंची, १० फुटी ओंडक्याचे ९० बोर्डफूट येतात (एक बोर्डफूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद, इंचभर जाड फळी). डॉइल लहान ओंडक्यांना फार कमी धरतो. बँडसॉची पाती पातळ असल्यामुळे प्रत्यक्षात १०० च्या पुढे निघतील. झाडामागे दोन चांगले ओंडके धरले तर तुमचं ऍश साधारण ६,००० बोर्डफूट होतं.

पोर्टेबल मिल घेऊन दारात येणारे बरेच जण बोर्डफुटाला ४० ते ६० सेंट घेतात, पात्याला खिळा लागला तर पात्याचे वेगळे. म्हणजे तुमचं सगळं ऍश ३,००० डॉलरच्या आसपास चिरून मिळेल, तेही हायड्रॉलिक मिलवर, चार-पाच दिवसांत. हाताने ढकलायच्या मिलवर दोन माणसांनी दिवसाला ३०० ते ५०० बोर्डफूट होतात, म्हणजे पंधरा दिवस. पुढची दहा वर्षं चिरणार असाल तर जरूर घ्या. एवढंच लाकूड असेल तर माणूस बोलवा, हे माझं स्पष्ट मत.

बाकीचे दोन प्रकार थोडक्यात. चेनसॉला लावायची अलास्कन मिल स्वस्त पडते, पण प्रत्येक कापाला ८-९ मिलिमीटर भुसा होतो; बँडसॉला जेमतेम २. दहा कापांमागे जवळजवळ तीन फळ्या भुशात जातात. एखादा अजस्र ओंडका जागेवर फोडायला ती उत्तम, शेडभर फळ्यांसाठी नाही. लूकस किंवा पीटरसनसारख्या स्विंग ब्लेड मिल (गोल करवत उभी-आडवी वळवून कापणाऱ्या) मोठ्या ओंडक्यांच्या आहेत आणि तुमच्या बजेटबाहेर.

सूतभर

हॉर्सपॉवरची चिंता शेवटी करा. जास्त ताकदीने रुंद ओकमध्ये मिल भरभर पुढे ढकलता येते, इतकंच. फळी सरळ निघणं इंजिनावर ठरत नाही, ते पातं, पात्याचा ताण आणि पाया यांवर ठरतं. तरी ओक असल्यामुळे १४ ला माझा कौल.

जाहिरातीत दोन आकडे असतात: ओंडक्याचा व्यास आणि फळीची कमाल रुंदी. दुसरा नेहमी लहान. २० इंची ओकचा बुंधा फुगलेला असतो, म्हणून २६ इंची घ्या. लांबी विसरू नका. स्वस्त मिलचा रूळ बहुधा १० फुटी ओंडक्यापुरता असतो. १२-१४ फुटी वासे हवे असतील तर वाढीव रुळाचा तुकडा सुरुवातीलाच मागवा.

तुमच्या कामाला ट्रेलर नको. चाकांवरची मिल प्रत्येक जागी नव्याने समपातळीत आणावी लागते. त्यापेक्षा एकाच जागी खडी दाबून ६ बाय ६ इंची दोन लांब लाकडी ओंडे टाका आणि त्यावर रूळ बसवा. दोन्ही बाजूंना दोरी ताणून रूळ तपासा. मग ज्या आडव्या पट्ट्यांवर ओंडका टेकतो त्या प्रत्येक पट्टीपासून पात्याचं अंतर मोजा. फरक पाव सुताच्या आत हवा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). फळी मध्ये पातळ आणि टोकांना जाड निघाली की लोक पात्याला दोष देतात. बहुतेक वेळा मधला रूळ खचलेला असतो. थंडीत जमीन उचलते, म्हणून वसंतात परत मोजायचंच.

जुनी मिल असेल तर: पात्याची चाकं हाताने फिरवून बेअरिंगचा आवाज ऐका, चाकांवरच्या रबरी पट्ट्याला खड्डे आहेत का बघा (ताण न सोडता पातं महिनोन्‌महिने ठेवलं की पडतात, मग पातं थरथरतं), वर-खाली करायच्या स्क्रूत ढिलाई आहे का ते तपासा. आणि विक्रेत्यासमोर एक ओंडका चिरून दोन फळ्या चार ठिकाणी मोजा. त्याला तो तयार नसेल तर परत या.

६,००० पैकी हजार-बाराशे मिलबाहेर ठेवा: दोन कँट हुक (ओंडका लोळवायचे आकडे लावलेले दांडे), दहा पाती, ओंडक्याच्या टोकांना लावायचं मेण, मेटल डिटेक्टर. ओल्या ऍशचा १६ इंची, १० फुटी ओंडका ३०० किलोच्या आसपास असतो. तुमचा लोडर उचलेल. त्याच लांबीचा २० इंची रेड ओक ६०० च्या वर जातो, तो उचलायच्या भानगडीत पडू नका. उताराच्या दोन फळ्यांवरून विंचने मिलवर लोळवा.

पोकोनोकर

वजनाचा हिशेब डोक्यातच नव्हता. फळ्यांवर लाटा येतात म्हणतात, ते कशामुळे?

चिरकाम

पाच कारणं, बहुतेकदा याच क्रमाने: पातं बोथट, ताण कमी, ढकलण्याची घाई, दातांचा सेट (आळीपाळीने डावी-उजवीकडे दिलेला बाक) गेलेला, गाइड रोलर (कापाच्या दोन्ही बाजूंना पात्याला आधार देणारी छोटी चाकं) चुकलेले.

बोथट पातं सगळ्यात आधी गाठीपाशी वर चढतं किंवा खाली बुडतं. ते दिसलं की "एवढा ओंडका संपवू" म्हणायचं नाही, पातं बदलायचं. स्वच्छ लाकडात एक पातं ३०० ते ५०० बोर्डफूट जातं. मातीतून ओढत आणलेल्या ओंडक्यावर याच्या निम्मंही नाही, कारण सालीतली वाळू दात खाते. ओंडके आडव्या लाकडांवर रचा, चिरण्याआधी साल तारेच्या ब्रशने किंवा पाण्याने साफ करा.

ताण मॅन्युअलमध्ये दिला आहे तितकाच, टॉर्क रेंचने. चालू असताना पातं तापून लांब होतं आणि ताण उतरतो, म्हणून दोन-तीन कापांनंतर पुन्हा बघा. काम संपलं की ताण सोडा. गाइड रोलरने पातं किंचित खाली दाबलेलं हवं, साधारण दोन सूत, आणि पात्याची पाठ व रोलरची कड यांत एक सूत फट हवी. फट नसेल तर पाठ घासून पातं तडकतं.

उभ्या-उभ्या मेलेलं ऍश वाळून कडक होतं. त्यासाठी ७ अंशांच्या हुकची (दाताच्या पुढच्या कलाची) पाती घ्या, पाइनसाठी १०. पाइनच्या डिंकासाठी पाण्यात थोडा भांड्यांचा साबण पुरतो.

गुंडाळलेलं पातं उघडताना जाड हातमोजे आणि चष्मा. ते स्प्रिंगसारखं उसळतं.

कुळागर

सिंधुदुर्गात फणस, ऐन, किंजळ चिरायला अशी मिल मागवता येईल का?

सूतभर

आधी वनविभाग. जंगलरक्षणाच्या गोदावर्मन प्रकरणात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नव्या आरागिरण्यांवर बंधनं आणली आणि केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी परवानगी देण्याचं काम राज्यस्तरीय समितीकडे दिलं. परवान्यातून सूट आहे ती मुख्यतः बँडसॉ किंवा ३० सेंटिमीटरपेक्षा मोठी गोल करवत न वापरणाऱ्यांना. मिलला चाकं आहेत म्हणून ती बँडसॉ नाही असं होत नाही. पैसे भरण्याआधी उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात लेखी विचारा. झाड तोडण्याची आणि वाहतुकीची परवानगी हा वेगळा विषय. घरच्या दोन-चार ओंडक्यांसाठी परवानाधारक गिरणीच सोयीची.

चिरकाम

पोकोनोकर, ऍशचं राहिलं. मेलेली झाडं स्वतः तोडू नका. ऍश ठिसूळ होऊन वरच्या फांद्या न सांगता सुटतात, त्यासाठी माणूस लावा. चिरताना ओंडक्याचा शेंडा बारीक असेल तर तो पाचरीने उचलून दोन्ही टोकांचा गाभा एकाच उंचीवर आणा, मगच पहिला काप. फर्निचरला पाऊण इंची तयार फळी हवी असेल तर एक इंच एक सूत चिरा. त्याच दिवशी थप्पी लावा: पाऊण इंची कोरड्या पट्ट्या, दर १६ इंचांवर, एकाखाली एक सरळ रेषेत, वर पत्रा आणि वजन. इंचाला वर्ष हा अंदाज धरा. पावडरपोस्ट भुंगा ऍशमध्ये हमखास शिरतो, म्हणून थप्पी लावतानाच बोरेटचं (कीड मारणाऱ्या बोरॉन क्षाराचं) द्रावण फवारा. फळी वाळल्यावर ते आत मुरत नाही. सालीच्या कडा तिथेच जाळा, दुसऱ्याला सरपण म्हणून देऊ नका, त्यातून बोरर पसरू शकतो.

शेडच्या वाशांना ग्रेडचा (लाकडाच्या प्रतवारीचा) शिक्का लागतो का, हे टाउनशिपच्या कोड ऑफिसमध्ये (बांधकामाचे नियम बघणाऱ्या कार्यालयात) चिरण्याआधी विचारून घ्या.